बिनगोंदाची ग्रिप

"मग मऊ घ्यायची का कडक, एवढंच सांगा की वस्ताद."

इंद्रजित घोरपडेनं पिशवी टेबलावर उपडी केली. मोटरसायकलच्या हँडलवर चढवायच्या रबरी ग्रिपांचा ढीग पडला. मऊ, कडक, जाड, बारीक, जाळीच्या नक्षीच्या, भडक रंगांच्या. काही परदेशातून मागवलेल्या, अजून वेष्टणातून न काढलेल्या.

बाबालाल वस्तादांनी ढिगाकडं बघितलं. मग इंद्रजितकडं. मग पुन्हा हातातल्या एअर फिल्टरकडं. मघापासून ते तो फिल्टर पेट्रोलमध्ये धूत होते.

"बस की," ते म्हणाले.

बाबालाल मुजावरांना कोल्हापूर भागात मातीवर गाडी उडवणारे सगळेच वस्ताद म्हणतात. त्यांच्या वाडवडिलांची तालीम होती. पुढं कुस्ती सुटली आणि मोटरसायकल आली, पण घरातला शब्द तेवढा राहिला. वस्ताद स्वतः कधीकाळी गाडी चांगली पळवायचे. गुडघे कामातून गेल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या मुरमाड माळावर ढिगारे घालून एक रिंगण केलं आणि त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. आता ते तिथं बसतात. शिकायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत, आणि फार काही शिकवतही नाहीत.

इंद्रजित त्यांचाच चेला. जिल्ह्यात त्याच्या पुढं कोणी नव्हतं, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे. अलीकडं मात्र शर्यतीच्या शेवटच्या फेऱ्यांत त्याचे हात बधिर व्हायचे आणि मागचे पुढं निघून जायचे. रविवारी संघाच्या निवडीची शर्यत होती. त्यात नाव आलं नाही तर गाडी विकायची आणि मेहुण्याच्या फौंड्रीत जायचं, असं त्यानं घरी सांगून टाकलं होतं.

"हाताला धरवत न्हाई," तो म्हणाला. "ग्रिपच बरोबर न्हाईत. ह्यातली कुठली बसवू?"

"डोळं मीट."

"का?"

"मीट की."

इंद्रजितनं डोळे मिटले. वस्तादांनी एकेक ग्रिप त्याच्या हातात दिली आणि काढून घेतली. प्रत्येक वेळी ती तळहातावर पुरती टेकायच्या आत त्याची बोटं आवळली जात होती. असा सगळा ढीग संपला.

"कुठली मऊ लागली?"

इंद्रजितनं डोळे उघडून ढिगाकडं बघितलं.

"कुठली जाड?"

"...सगळ्या सारख्याच लागल्या."

"मग ही घे."

साधी काळी जोडी होती. असली ग्रिप कुठल्याही दुकानात मिळते.

"हीच का?"

"वर हुती म्हणून."

वर्षभर घोकून परीक्षेला जावं आणि गुरुजींनी पाटी न बघताच पुढच्या वर्गात ढकलावं, तसं इंद्रजितला झालं. पास होऊनही अपमान तो अपमानच.

नाचता येईना अंगण वाकडं, असं वस्ताद तोंडावर म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. एक तर ऊन फार होतं. दुसरं म्हणजे इतक्या वर्षांत इतक्या जणांना ते म्हणून झालं होतं की त्यांना आता त्या वाक्याचाच कंटाळा आला होता.

गाडी चिंचेच्या सावलीत उभी होती. इंद्रजितनं ती तळहाताच्या फोडासारखी जपली होती. त्याच्या तळहातांवर खरोखरचे फोड होते, त्यांच्याकडं मात्र कोणी बघत नव्हतं.

"डावी काढ," वस्ताद म्हणाले. "उजवी राहू दे."

"दोन्ही बदलायच्यात की."

"डावी."

इंद्रजितनं ब्लेड घेतलं. आधी बाहेरून गुंडाळलेली तार कापली. तारेखाली चिकटपट्टी होती. तिच्याखाली रबर, रबराखाली गोंद, आणि त्या गोंदाखाली मागच्या वेळचा गोंद. ब्लेड मोडलं. त्यानं दुसरं घेतलं.

"एवढा गोंद कशाला रं?"

"निसटाय नको म्हणून."

"कधी निसटली हुती?"

इंद्रजितनं हात थांबवून आठवून बघितलं.

"न्हाई. कधीच न्हाई."

"हं."

जुनी ग्रिप सालीसारखी सोलून निघाली. त्यानं हँडल पेट्रोलनं पुसून लख्ख केलं आणि गोंदाची नळी शोधायला लागला. मघाशी तर टेबलावर होती.

"काय शोधालायस?"

"गोंद."

"माझ्या खिशात हाय."

इंद्रजितनं हात पुढं केला. वस्तादांनी त्या हातात पाण्याचा तांब्या ठेवला.

"आतनं भिजव, सरकव, आणि एक फेरी मार."

"गोंद न लावता?"

"पहिल्या गिअरमधी. तो कडंचा बुटका ढिगारा तेवढा घे, बाकी सपाटीवरनं ये. हेल्मेट घाल, छातीचं कवच बांध."

"वस्ताद, ग्रिप हातात येईल."

"बघू की."

वस्तादांचं वय झालं, हा विचार इंद्रजितच्या मनात येऊन गेला. पण चेल्यानं वस्तादाला नाही म्हणायचं नाही, हे तालमीतलं वळण त्या माळावरही होतं. शिवाय काय होतं ते त्यांना दाखवलंच पाहिजे, असंही त्याला वाटलं. तो निघाला.

ढिगाऱ्यावर पुढचं चाक चढलं, अंग मागं गेलं, आणि नेहमीप्रमाणं तो दोन्ही हातांनी हँडलला लोंबकळला. डावी ग्रिप सुळकन निघाली. गाडी एका अंगाला पडली, इंद्रजित दुसऱ्या. वेग नव्हता, त्यामुळं लागलं ते फक्त मानाला.

धूळ खाली बसली. तो उठून चालत शेडपर्यंत आला.

"गाडी कुठाय?" वस्तादांनी विचारलं.

"तिथं पडलीय."

"मग हातात काय आणलंस?"

इंद्रजितनं खाली बघितलं. ग्रिप अजून त्याच्या डाव्या मुठीत होती. इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती. एवढी जपलेली गाडी तो मातीत टाकून आला होता आणि हे रबर मात्र न विसरता घेऊन आला होता.

वस्तादांनी पडलेल्या गाडीकडं बोट दाखवलं.

"जा. उचल."

त्या माळावर एक रीत आहे. गाडी ज्यानं पाडली, त्यानंच उचलायची. खाली पाय अडकला असेल तरच दुसऱ्यानं हात लावायचा. मोठ्या शर्यतीत पडलेली गाडी उचलायला माणसं धावत येतात, आणि इंद्रजितला त्याची सवय झाली होती. ओणवं होऊन त्यानं गाडी उभी केली तेव्हा त्याच्या तोंडून शिवी आली. वस्तादांनी ती ऐकली नाही असं केलं.

त्यानं ग्रिप भिजवली, सरकवली, पुन्हा निघाला. पुन्हा पडला.

मग त्यानं आणखी घट्ट धरून बघितलं. ती आणखी लवकर निघाली. मनगट वळवून बघितलं. आतल्या बाजूला रेटून बघितलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली ही जात. दर वेळी तो ग्रिप मुठीत घेऊन गाडीच्या शेजारी उठून बसायचा, थोडा वेळ तसाच बसून राहायचा, आणि मग गाडी उचलायचा.

ऊन उतरायला लागलं. एकदा तो परत आला तो गाडी ढकलतच आला, आणि चिंचेखाली ती लावून वस्तादांसमोर उभा राहिला.

"मी रविवारी उतरावं असं तुम्हाला वाटतच न्हाई. तसं सरळ सांगा की. मी जातो फौंड्रीत."

"बस. चहा घे."

"नको मला चहा."

"मला पाहिजे. तू नुसता बस."

वस्तादांनी स्टोव्ह पेटवला. इंद्रजित बाकड्यावर बसला. त्याच्यापुढं चहाचा ग्लास आला तो त्यानं दोन्ही तळव्यांमध्ये धरून उचलला, कारण एका हाताच्या बोटांवर त्याचा भरवसा नव्हता. संपवून तो खाली ठेवला.

वस्तादांनी आपला ग्लास उचलला.

"सकाळी शर्टाची बटणं लागत न्हाईत," इंद्रजित म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "बायको लावून देती."

वस्ताद आपला चहा फुंकून पीत राहिले.

"परवा पोरीचा हात धरून रस्ता वलांडला. पलीकडं जाऊन बघतोय तर ती रडालीय. म्हणली, बाबा सोडा, दुखालंय..."

त्यानं दोन्ही तळवे पुढं धरून बघितले.

"मला कळलंच न्हवतं, किती आवळलाय ते."

वस्तादांना वाईट वाटलं. या पोराच्या डोळ्यांत पाणी त्यांनी कधी बघितलं नव्हतं, हाड मोडलं तेव्हाही नाही. त्याला जवळ घ्यावं असं त्यांच्या मनात आलं. पण ते उठले ते रिकामे ग्लास विसळायला.

"दमलास?" त्यांनी पाठमोरं विचारलं.

"लई."

"आणि हात?"

"हात न्हाईतच आता, वस्ताद. हायत का न्हाईत तेच कळंना."

"मग जा. एक फेरी मार."

इंद्रजितनं त्यांच्या पाठीकडं बघितलं. नाही म्हणायलाही जोर लागतो, आणि तेवढा त्याच्यात उरला नव्हता. तो उठला. ग्रिप भिजवून हँडलवर सरकवली, गाडीवर बसला आणि किक मारली.

त्याच्या मनात या वेळी काही नव्हतं. वस्तादांना दाखवायचं नव्हतं आणि रविवारही नव्हता. फेरी मारायची आणि घरी जाऊन पडायचं, एवढंच. डावा हात ग्रिपवर नुसता पडून होता. त्याला आवळ म्हणून सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

ढिगारा आला. चाक चढलं. अंग मागं जाणार, तेवढ्यात धरायला काहीच नाही हे अंगालाच कळलं, आणि गुडघ्यांनी आपणहून टाकी दाबून धरली. गाडी वर गेली, खाली आली. इंद्रजित तिच्यावरच होता.

तो पुढच्या वळणावरून निघून गेला. शेडसमोर थांबायचं होतं, पण थांबला नाही. पुन्हा ढिगारा. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग त्यानं सपाटी सोडून मोठे ढिगारे घेतले. पहिल्या गिअरचं बंधन कधी सुटलं हे त्याला आठवत नाही.

वस्ताद त्याच्याकडं बघत नव्हते. बाकड्यावर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. इंजिनचा आवाज मधेच तुटत नव्हता, तेवढं त्यांना पुरे होतं.

तो आला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून डाव्या ग्रिपकडं वाकून बघितलं. जिथं बसवली होती तिथंच होती.

वस्तादांनी खिशातून गोंदाची नळी काढून टेबलावर ठेवली.

इंद्रजितनं ग्रिप ओढून काढली, आतून कोरडी पुसली. थोडासा गोंद लावला, सगळीकडं सारखा. एका झटक्यात सरकवून बसवली, बाहेर आलेला गोंद फडक्यानं टिपला. मग सवयीनं तारेकडं हात गेला, आणि परत आला.

"आता सकाळपर्यंत हात लावायचा न्हाई," वस्ताद म्हणाले.

"ठाऊक हाय."

"ठाऊक तुला पहिल्यापासनंच हाय."

इंद्रजित हसला. दिवसभरात पहिल्यांदाच.

"आणि उजवी?"

"उजवीला काय झालंय?"

इंद्रजितनं ग्रिपांचा ढीग पिशवीत भरला आणि वस्तादांशेजारी बाकड्यावर टेकला. गाडी इथंच ठेवून त्याला बसनं जायचं होतं. उठवत मात्र नव्हतं. अंगातलं हाडन् हाड बोलत होतं. त्याचे दोन्ही हात मांड्यांवर उताणे पडले होते, आणि ते कसे पडलेत याकडं त्याचं लक्ष नव्हतं.

माळावर पार शांतता होती...

"वस्ताद."

"हं."

"रविवारी उतरू?"

वस्तादांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"उतर की," ते म्हणाले. "पण असाच दमून ये."