टिकलीचा गोळा

माळावर अजून एकही दिवा लागत नव्हता त्या काळी, एक म्हातारा शेणकिडा आपल्या तीन नातवंडांना घरीच शिकवायचा. धडा एकच: शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत सरळ बिळापर्यंत न्यायचा. तोंड खाली असतं, वाट दिसत नाही. म्हणून आधी गोळ्यावर चढून आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा नीट बघून घ्यायची.

दोघांना जमलं. धाकटी टिकली मात्र गोळ्यावर चढली की आजाकडंच बघायची. “आजा, बरोबर ना?” मग ती फिरून शेणाच्या ढिगाशीच परत यायची आणि तिथले आडदांड किडे तिचा गोळा पळवायचे. दोन दिवस ती आजाच्याच घासातला घास खात होती.

शेजारीण म्हणाली, “डावीकडं वळ, एवढं सांगा की पोरीला.”

“आज सांगेन गं. पण मी नसेन तेव्हा?” आजा हळूच म्हणाला.

टिकलीनं ते ऐकलं. ती गोळ्यावर चढली आणि कितीतरी वेळ वरच बघत राहिली. मग उतरली आणि ढकलू लागली. ढीग मागं पडला, गोळा सरळ बिळाच्या दिशेनं निघाला. या खेपेला तिनं काही विचारलं नाही.

आजाच्या तोंडावर ‘बरोबर’ आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.