अध्यक्षांचं ताट

आटपाट नगर नव्हतं, होतं आपलं हिवरमळा नावाचं बारा घरांचं खेडं. तिथं लूथरन ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, शद्रकराव, त्यांची पोटुशी बायको मार्था आणि शेजारीण रिबकाबाई राहत होती.

एकदा कापणीच्या सणाला जिल्ह्याच्या मंडळाचे अध्यक्ष आले. कुठल्या गावाला पाळक द्यायचा, कुठला काढायचा, सगळं त्यांच्या हातात. उपासना संपताच ते म्हणाले, "एवढ्या मूठभर माणसांना पाळक कशाला? शद्रकराव, शहरात चला. इथल्या चर्चला कुलूप लावू."

"साहेब, तिथं दोन पाळक आहेतच की."

"मोठी मंडळी आहे, तिसराही खपेल!"

मार्थाच्या डोळ्यांत पाणी आलं. रिबकाबाई म्हणाली, "बरं साहेब, आधी जेवून तर घ्या."

पंगत बसली. रिबकाबाईनं अध्यक्षांना रस्सा वाढला, भात वाढला, भाकरीवर भाकरी ठेवली. शेजारी शद्रकरावांचं ताट कोरडंच. बाई टोपली घेऊन पुन्हा अध्यक्षांपुढंच वाकली.

"अहो बाई, माझं ताट भरलंय, दिसत नाही का? त्या रिकाम्या ताटात वाढा की!"

"मी तरी दुसरं काय म्हणते साहेब? शहराचं ताट भरलंय. आमच्या ताटातली एकुलती एक भाकरी उचलून तिथं कशाला वाढता?"

अध्यक्षांनी आपल्या भरल्या ताटाकडं पाहिलं, मग शेजारच्या रिकाम्या ताटाकडं. मग ते पोट हलेस्तोवर हसले. "आई, आजचा उपदेश तुमचा!"

पाळक गावातच राहिले. शिवाय आसपासच्या वाड्यावस्त्यांवर सुवार्ता सांगायला मंडळानं एक सेविकाही धाडली. पुढच्या कापणीच्या सणाला मार्थाच्या लेकीचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाला, आणि पंगतीत अध्यक्षांनी पहिली भाकरी आपल्या हातानं शद्रकरावांच्या ताटात ठेवली.