मधला रे

बाजाच्या पेटीला नुकताच कंठ फुटला होता, तेव्हाची ही गोष्ट.

अनसूयाबाई रोज सकाळी पेटीची एक पट्टी वाजवीत, शेजारची गाळीत, पुढची वाजवीत: सा, ग, प. एकाचा सूर विरायच्या आत दुसरा असा उमले, की ऐकताना मधला रे हरखून जाई. पण मनात सलही होता. एकदा त्याला राहवेना. तो आपणहून दबला तो वर येईचना, आणि सा-ग-पच्या मध्ये ठणाणा करत राहिला. सगळा नुसता गलका झाला. बाई थबकल्या.

"अरे, आवर!" भाता खेकसला.

"पण भातोबा, बाई मलाच का ओलांडतात?"

"तू मध्ये गप्प राहतोस, म्हणून बाकीच्या सुरांना उडी घेता येते. सगळेच बोलले तर जिन्याची घसरगुंडी होते, बाळा."

खजील होऊन रे वर आला. बाईंनी बोट सरकवलं आणि नेमकं त्याच्यावरच ठेवलं. रे, म, ध! पायऱ्या तशाच एकाआड एक, पण सूर असा हळवा, की ओसरीवरच्या गप्पा थांबल्या.

रेने हळूच शेजारी पाहिलं. सा, ग आणि प श्वास रोखून बसले होते, त्याची उडी चुकू नये म्हणून.