कातळखिंडीतली हाक

कातळखिंडीच्या पायथ्याशी विभूतिनाथ महाराजांचा मुक्काम होता. महाराज मूर्ती मानत नसत, पशुबळी मानत नसत. म्हणून शहाण्यासुरत्या मंडळींनी त्यांना आणि त्यांच्या शिष्यांना पाखंडी ठरवून टाकलं होतं. लढाई आली की मात्र हेच पाखंडी फौजेला बरे चालत!

रुमाजी हा असाच एक शिष्य, भालाईत शिपाई. मोहिमेला निघताना तुकडीने बोकड कापला. त्याच्या रक्ताचा टिळा लावायला रुमाजीने नकार दिला, तेव्हा तुकडीचा हैबत नाईक खदाखदा हसला.

"मागच्या साली तुझे पंथभाऊ असेच अडून बसले. लढाईत पडले, मी खिंडीतच दरीत लोटून दिले. पाखंड्याला कसली माती? तू चाल सगळ्यांच्या मागं. खिंडीत काही वाईट घडलं, तर तुझाच बळी देईन!"

खिंडीत दाट धुकं असे. चालताना प्रत्येकाने मागच्याला "आहेस का?" असं विचारायचं, त्याने "आहे" म्हणून तीच हाक मागे द्यायची, अशी फौजेची रीत होती. त्या रात्री रुमाजी महाराजांच्या पायाशी बसला. "महाराज, माझ्या मागं कुणीच नाही. मी कुणाला हाक देऊ?"

महाराज म्हणाले, "तरी दे बाळा. मागं वळून मात्र पाहू नकोस."

सकाळी तुकडी खिंडीत शिरली. हाक येत येत रुमाजीपर्यंत पोहोचली. "आहे," तो म्हणाला आणि रिकाम्या धुक्याला त्याने विचारलं, "आहेस का?"

"आहे."

रुमाजीच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या आवाजाच्या मागे दुसरा आवाज उठला, मग तिसरा. हाक लांब लांब जात राहिली, पण पावलं एकाचीही वाजत नव्हती. ओल्या मातीचा गार वास त्याच्या मानेशी येत होता. त्याने महाराजांचं नाव घेतलं आणि पुढे पाहत चालत राहिला.

एक आवाज अडखळला, "आ... आहे." पुढे चालणाऱ्या नाईकाने तो आवाज ओळखला. तोतरा गोंदाजी! मागच्या साली त्याचं प्रेत तर नाईकाने आपल्या हातांनी दरीत लोटलं होतं.

खिंड ओलांडताच शत्रूचा एक शिपाई भेदरून हात जोडत समोर आला. "तुमचा शेवटचा माणूस खिंडीत शिरला की वरून धोंडे लोटायचे ठरले होते. पण धुक्यातल्या हाका संपेचनात, शेवटचा माणूस येईचना! तुमची फौज अजून खिंडीत शिरतेच आहे. आमचे सगळे पळाले हो!"

रुमाजीच्या मागे धुक्याशिवाय काही नव्हतं.

वाटेच्या कडेला महाराज बसले होते. पायथ्याशी मागे राहिलेले महाराज आपल्या आधी इथे कसे पोहोचले, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. नाईकाने त्यांचे पाय धरले.

"महाराज, मी त्यांना मूठभर माती दिली नाही. मग त्यांनी मला का वाचवलं?"

"तुला कुठं वाचवलं?" महाराज शांतपणे म्हणाले. "रुमाजीनं हाक दिली, त्यांनी ओ दिली. ओळीतल्या माणसाला एकटं टाकायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक."

नाईक उठला, रुमाजीसमोर गेला आणि सगळ्या तुकडीदेखत त्याने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.