मागच्या बाकावरची शिक्षिका

एकदा एक विज्ञानशिक्षिका आपल्या वृद्ध गुरुजींच्या घरी आली, ती नोकरी सोडण्याचा निश्चय सांगायला. तिचं नाव मंदाकिनी. माळावरच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीचं विज्ञान ती एकटी शिकवत असे. याच गुरुजींच्या वर्गात तिने आयुष्यात पहिल्यांदा परीक्षानळी हातात धरली होती. म्हणून मुख्याध्यापकांच्या आधी त्यांच्या कानावर घालावं, एवढाच तिचा हेतू होता.

गुरुजींच्या ओसरीवर एक व्यापारी बसले होते. शहरात त्यांची लाकडाची वखार होती. वडिलांच्या स्मरणार्थ आसपासच्या शाळांमध्ये विज्ञानासाठी काही करावं, असं त्यांच्या मनात होतं आणि ते कसं करावं हे विचारायला ते आले होते. परके गृहस्थ पाहून मंदाकिनी मागे फिरू लागली.

"बस गं," गुरुजी म्हणाले. "शेठ घरचेच आहेत. काय ते बोल."

"गुरुजी, मी थकले," मंदाकिनी म्हणाली. "सुट्टी लागली की प्रशिक्षण असतं. तिथे पडद्यावर चित्रं दाखवतात, मुलांना कृतीतून शिकवा म्हणून सांगतात, चहा देतात, सह्या घेतात आणि परत पाठवतात. शाळेत यावं तर एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला बुरशी आलेली. अनुदानासाठी अर्ज केले. कधी शाळा लहान म्हणून नाकारले गेले, तर कधी योजना होती हेच मुदत संपल्यावर कळलं. मी दरवर्षी कांद्याच्या सालीतल्या पेशी फळ्यावर काढते. मुलं वहीत काढतात. प्रत्यक्ष त्या कुणीच पाहिलेल्या नसतात. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. हल्ली काहीच वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते."

शेठ हळहळले. "गुरुजी, मग आणखी विचार कशाला करायचा? या बाईंच्या शाळेला प्रयोगशाळाच देऊन टाकतो."

सोडून जायला निघालेल्या मंदाकिनीचं मन नकळत उचंबळलं. तिने गुरुजींकडे पाहिलं. ते शेठकडे वळले. मग म्हणाले, "शेठ, प्रयोगशाळेचं मागाहून पाहू. सध्या एक दिवस हिचे वर्ग सांभाळायला कुणी माणूस द्या आणि हिला घाटापलीकडच्या शाळेत जाण्यायेण्याचं गाडीभाडं द्या."

"एवढंच?"

"एवढंच."

"अहो, मग वडिलांच्या नावाची पाटी लावू कुठे? एसटीच्या सीटवर?"

गुरुजी हसले, पण शब्द बदलला नाही. मंदाकिनीला म्हणाले, "तिथे शेख सर म्हणून आहेत, तुझाच विषय शिकवतात. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ये. मग नोकरी सोडायची तर खुशाल सोड."

मंदाकिनीला ते फार लागलं. तोंडाशी आलेला घास ज्यांनी काढून घेतला, ते तिचे स्वतःचे गुरुजी होते. पण त्यांचा शब्द मोडायची सवय नव्हती. तिने मनाची समजूत घातली, की घाटापलीकडे एखादी आदर्श शाळा असेल आणि गुरुजींना आपल्याला काहीतरी दाखवायचं असेल.

ठरल्या दिवशी ती गेली आणि शाळा पाहून आपण भलत्याच गावी उतरलो की काय, असं तिला वाटलं. तिच्या शाळेत निदान एक कपाट होतं. इथे विज्ञानाचं सगळं साहित्य शिक्षकांच्या खोलीत एका पुठ्ठ्याच्या खोक्यात होतं. शेख सर पन्नाशीचे, किंचित वाकलेले. त्यांनी अदबीने तिची विचारपूस केली, खोकं उचललं आणि वर्गाकडे निघाले. दिवस कसाबसा ढकलायचा असला की माणूस जसा चालतो, तसे ते चालत होते. ती चाल मंदाकिनीच्या ओळखीची होती.

ती मागच्या बाकावर बसली. पानात पिष्ट तयार होतं, हे दाखवण्याचा त्या दिवशीचा प्रयोग होता. शेख सरांनी कुंडीतल्या रोपाचं पान आधीच उकळून, स्पिरिटमध्ये ठेवून त्याचा हिरवा रंग काढून आणला होता. त्यावर त्यांनी आयोडीनचे थेंब टाकले. पान निळं-काळं व्हायला हवं होतं. मुलांनी माना उंचावल्या. पान तपकिरी दिसत होतं आणि तसंच राहिलं.

"सर, निळं कुठंय?" पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं.

शेख सरांनी आणखी एक थेंब टाकला. थोडं थांबले. मग खाली मान घालून म्हणाले, "समजा, निळं झालं. घ्या लिहून."

मुलांनी निमूटपणे वह्या उघडल्या.

मंदाकिनी दचकली. तो स्वर तिचा होता. 'समजा' हा शब्दही तिचाच, आणि त्याच्या आधीचं ते थांबणंसुद्धा. इतकी वर्षं ती समजत होती, की हा थकवा आपल्या एकटीच्या वाट्याला आला आहे आणि बाकीचे सगळे शिक्षक कुठेतरी छान शिकवत आहेत.

ती कधी उठून उभी राहिली, ते तिलाही कळलं नाही. "सर, ती कुंडी कुठे असते?"

"आतल्या बोळात. बाहेर ठेवली की मुलं खेळताना पाडतात."

"मग त्या पानाला ऊन मिळालंच नसेल. उन्हाशिवाय पिष्ट कुठून तयार होणार? कुंपणाला जास्वंद आहे, चांगली उन्हात. तिचं पान घेऊन पाहू या का?"

परक्या बाईने भर वर्गात चूक दाखवली म्हणून दुसरा एखादा रागावला असता. शेख सर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. "अरेच्चा," ते म्हणाले, "हे माझ्या लक्षातच आलं नाही. या ना मॅडम, पुढे या."

जास्वंदीचं पान आलं. दोघांनी मिळून ते पाण्यात उकळलं. स्पिरिट आगीजवळ न्यायचं नाही म्हणून पान घातलेली त्याची नळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली. तास संपल्याची घंटा झाली, पण कुणी जागचं हललं नाही. पान फिकं पडलं. ते धुऊन बशीत पसरलं आणि आयोडीन टाकलं, तसा कडेकडेने निळा-काळा रंग चढू लागला.

"सर," ती मघाची मुलगी म्हणाली, "आता समजायला नको."

सगळा वर्ग हसला. शेख सरही हसले. मुलं पांगली तरी ते त्या पानाकडे पाहत उभे होते.

मग चहा घेताना बोलणं निघालं. तालुक्याच्या महाविद्यालयातून सूक्ष्मदर्शक आठवडाभर उसने मिळतात आणि आपण ते दरवर्षी आणतो, असं शेख सर सहज बोलून गेले. मंदाकिनीने कप खाली ठेवला.

"मला हे कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"आणि मला कुंडीचं कुणी सांगितलं होतं?"

मग यंदाचे सूक्ष्मदर्शक घाटापलीकडून परस्पर मंदाकिनीच्या शाळेत न्यायचे, असं ठरवूनच ती निघाली.

दुसऱ्या दिवशी ती गुरुजींकडे गेली. "एक कोडं सुटत नाही," ती म्हणाली. "शिकण्यासाठी पाठवायचं होतं तर एखाद्या उत्तम शाळेत का नाही पाठवलंत?"

"उत्तम शाळा पाहून तू आणखी खचून आली असतीस," गुरुजी म्हणाले. "इतकी वर्षं प्रत्येक प्रशिक्षणात तुला काय येत नाही, तेच तू ऐकत आलीस. तुला जे येतं ते कुणाच्या उपयोगी पडताना तू पाहिलंच नव्हतंस. साहित्य लागतं, पैसाही लागतो. तो हक्काने मागायचा, आणि शेठ तो देतीलही. पण ज्याला बोलायला कुणी नाही तो शिक्षक थकतो, आणि मग आलेलं साहित्य खोक्यातच पडून राहतं. म्हणून आधी सोबत, मग प्रयोगशाळा."

"पण शेख सरच का?"

"ते गेल्या महिन्यात इथे आले होते. तू बसली आहेस तिथेच बसले आणि नोकरी सोडतो म्हणाले."

मंदाकिनीने एवढंच विचारलं, "एक दिवस ते माझ्या वर्गात येऊन बसतील?"

"त्यांनाच विचार," गुरुजी म्हणाले.

शेठनी पुढे त्या भागातल्या शाळांसाठी साहित्य दिलं, पण त्याआधी वर्षभर शिक्षकांच्या जाण्यायेण्याचा खर्च दिला. मंदाकिनीचा थकवा एका दिवसात गेला नाही. नोकरी मात्र तिने सोडली नाही.

थकलेल्या शिक्षकाला काय द्यावं असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी साहित्याच्या यादीत सर्वांत वर दुसऱ्या एका थकलेल्या शिक्षकाचं नाव लिहावं.