दम खाणारी मासोळी

माणसं आणि मासे एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरातल्या एका डोहावर गोमाजी भोई गळ टाकायचा. मोठाले खवले आणि ओठांशी चार मिशा दिसल्या की तो ओळखायचा, हा खडस मासा. डोहात खडस थोडेच उरले होते, म्हणून पोटात अंड्यांची गाभोळी भरलेली मादी लागली की तो तिला परत सोडायचा. तरीही दोन दिवसांनी ती मरून काठाला लागलेली दिसायची.

एकदा हातभर लांब मादी गळाला लागली. तिला तापल्या कातळावर दाबून धरत गोमाजी म्हणाला, "सोडतोय गं बाई, तडफडू नकोस."

मादी कशीबशी बोलली, "माझ्या बहिणींनाही सोडलंस. जगली का एकतरी?"

गोमाजी चपापला. "माझं काय चुकतंय?"

"तुझ्या कोरड्या हातांनी आमच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो गेला की रोग लागतो. शिवाय इथं मला श्वास घेता येत नाही."

गोमाजीने घाईने हात भिजवले, तिला पाण्यात नेलं आणि पाण्यातच अलगद गळ काढला.

काठावरून त्याची बायको येसू ओरडली, "अहो, जरा वर धरा, बघू द्या केवढी आहे!"

"तूच खाली ये."

येसू लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरली. गोमाजीच्या उघड्या तळव्यांवर मादी प्रवाहाकडे तोंड करून कल्ले हलवत होती.

"सोडा की आता," येसू म्हणाली.

"मी केव्हाच सोडलीय. ती दम खातेय."

मग मादीने शेपटी मारली आणि दोघांना भिजवून ती खोल गेली.