समुद्रातली ज्वाळा

एके काळी, देशोदेशी विहिरी खोदणाऱ्या एका तेल कंपनीने भर समुद्रात लोखंडी मचाण उभारलं. तेल जहाजात भरायचं आणि सोबत वर येणारा गॅस, त्याला गिऱ्हाईक नाही म्हणून, उंच नळीच्या टोकाशी जाळून टाकायचा, अशी तिथली रीत. त्या ज्वाळेला आपल्या उंचीचा भारी तोरा. पण झगमगत्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक लवकर चढत नाही, तसं तिचं झालं. जवळ कोणी फिरकेना.

"कुरवदादा, घटकाभर टेक की इथे," ती येणाऱ्याजाणाऱ्या समुद्रपक्ष्याला विनवी.

"नको बाई, पंख भाजतील. तुझा थाट लांबूनच बरा!"

पुढे कंपनीने किनाऱ्यापर्यंत नळ टाकला. गॅस तिकडे निघाला आणि ज्वाळा आक्रसू लागली.

"संपले मी," ती रडली. "आता लांबूनही कोणी बघणार नाही."

एका संध्याकाळी कुरव किनाऱ्यावरून भिजून परतला. "अगं, तिथे एका चुलीवर तुझी धाकटी बहीण पाहिली. इवलीशी! वर भात रटरटतोय, आणि अख्खं घर तिला खेटून बसलंय."

ज्वाळा आता समईच्या वातीएवढीच उरली होती.

कुरवाने ओले पंख झटकले. "सरक जरा," म्हणाला, आणि तिच्या शेजारी टेकला.